वह्या वर, वह्या खाली

चिपळूण,
रविवार, १ जून २०२५

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

तुला फोन करणे सोपे होते. पण दुकानात बोलावे तर आप्पा समोर असतात आणि घरात बोलावे तर पलीकडच्या खोलीत असतात. त्यांना कमी ऐकू येते हा तुझा जुना समज आता सोडून दे. नको ते त्यांना लख्ख ऐकू येते. शिवाय जे सांगायचे आहे ते फोनवर सांगायला गेलो असतो तर तू मध्येच हसला असतास आणि मी चिडून विषय बदलला असता, म्हणून लिहायला बसलो आहे. माझी साखर जिथे होती तिथेच आहे, सुमनचा गुडघा हवा पालटली की कुरकुरतो आणि आप्पांची प्रकृती डॉक्टरांच्या मते उत्तम आहे. डॉक्टरांच्या मताविषयी पुढे येईलच.

गेल्या आठवड्यात पाऊस लवकर आल्याचे तू इंदूरला बसून वाचलेच असशील. केरळात तो २४ मेला पोहोचला, २००९ नंतर एवढ्या लवकर तो आला नव्हता म्हणे. आणि मुंबईत, जिथे ११ जूनची वाट पाहायची, तिथे २६ मेलाच हजर झाला. हे आकडे तेजस जेवताना मोठ्याने वाचून दाखवत होता आणि आप्पा दर आकड्याला 'पुढे?' म्हणत होते. पण त्याच्या आधीचे सात-आठ दिवस इथे जे चालले होते त्याला उन्हाळा म्हणावे की पावसाळा, हे कोणालाच ठरवता येत नव्हते. सकाळी असे ऊन पडे की गॅलरीच्या लोखंडी कठड्याला हात लावण्याची सोय नसे आणि पंख्याखाली बसूनही सदरा पाठीला चिकटून राही. दुपारनंतर कुंभार्लीच्या बाजूने ढग चढत, वारा सुटे, बाजारातल्या ताडपत्र्या फडफडू लागत, वीज जाई, आणि तासभर असा कोसळे की समोरच्या भांड्यांच्या दुकानाची पाटी दिसू नये. तो थांबला की रात्री आकाश चांदण्यांनी भरलेले! दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन, पुन्हा उकाडा, आणि पाऊस आदल्या दिवशीच्या वेळेला न येता भलत्याच वेळेला. सुमनने गच्चीवर आमसुले वाळत घातली होती. कोकमाची सोले मिठाच्या आगळात बुडवायची, वाळवायची, पुन्हा बुडवायची, या खटाटोपाला सलग कडक ऊन लागते हे तुला सांगायला नको. तिसऱ्या पुटालाच सोलांवर पांढरी बुरशी आली आणि सगळा घाट परसातल्या आळ्यात गेला. आंबेही संपल्यात जमा आहेत. पाऊस पडल्यावर हापूस कापायचा म्हणजे अळी निघणार की नाही यावर पैज लावल्यासारखे होते.

गुरुवारपासून मात्र पावसाची जातच बदलली. गडगडाट बंद झाला, वारा समुद्राकडून वाहू लागला आणि पाऊस सरळ, शांतपणे, कोणाला काही विचारायचे नाही अशा पद्धतीने लागून राहिला. बातम्यांत अरबी समुद्रातला कमी दाबाचा पट्टा दाखवत होते. आप्पांनी तो दाखवण्याच्या आधीच गल्ल्यावर बसल्या बसल्या सांगून टाकले होते, "हा वळीव नव्हे. वळिवाला बोलल्याशिवाय चैन पडत नाही, आणि हा मुका आहे." शनिवारी दुपारी ते वादळ रत्नागिरीजवळ किनाऱ्यावर चढले आणि रविवारी कोकणात मोसमी पाऊस आल्याचे जाहीर झाले. त्याच दिवशी सूर्य रोहिणीत गेला. मृगाला अजून जवळजवळ दोन आठवडे होते, आणि आमचे सगळे गणित मृगावर बसवलेले असते.

गणित कसले, तर वह्यांचे. मेचा उत्तरार्ध म्हणजे आमच्या वर्षाची कमाई. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, म्हणून माल त्याआधी उतरवून घ्यावा लागतो, आणि तो गिऱ्हाइकाच्या हाताला लागेल असा खालीच मांडावा लागतो. यंदाही सोमवारी टेंपो आला. दोनशे पानी, शंभर पानी, फुलस्केप, चित्रकलेच्या, दुरेघी, चौरेघी, चौकटीच्या असे गठ्ठे कपाटांतून भरून उरले ते जिन्याखाली रचले. कागदाचा भाव पुन्हा वाढला आहे, त्यामुळे तेवढ्याच पैशांत माल कमी आला. तरीही त्या गठ्ठ्यांत आमचे किती अडकलेले असते हे तुला ठाऊक आहे. मंगळवारी पहिला जोराचा पाऊस झाला आणि आप्पा म्हणाले, "वर घ्या." आम्ही सगळे गठ्ठे माळ्यावर चढवले. बुधवारी कडक ऊन पडले, दोन गिऱ्हाइके दुरेघी मागून परत गेली, आणि आप्पा म्हणाले, "खाली आणा." गुरुवारी पुन्हा वर. शुक्रवारी सकाळी दोन तास उघाडी मिळाली तेवढ्यात अर्धे खाली. तेजस म्हणाला, आपण वह्यांचे दुकान चालवतो की व्यायामशाळा? आप्पांनी त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

तेजसचे म्हणणे मी अगदीच टाकाऊ मानत नाही, हे तुझ्यापुरते ठेव. त्याचा मुद्दा असा की, एवढा माल भरायचाच कशाला. मागणी येईल तसा आठवड्याला मागवावा आणि शाळांच्या याद्या फोनवर घेऊन घरपोच द्याव्यात. आप्पांचा मुद्दा असा की, पोराला वही हातात घेऊन, कागदावर बोट फिरवून, नाकाशी धरून घ्यायची असते. दोघेही बरोबर बोलतात आणि दोघेही मला सांगतात. एकमेकांशी बोलायचे त्यांनी माझ्यावर सोपवले आहे.

आता मूळ गोष्टीकडे येतो. भिंतीवरच्या पुराच्या पाण्याच्या दोन्ही रेघा तुला आठवतात. २००५ ची निळी, कपाटाच्या तिसऱ्या फळीला. आणि २०२१ ची तांबडी, जी तूच स्टुलावर चढून मारलीस आणि तिरकी मारलीस. नंतर सरकारने शहराला निळी आणि लाल पूररेषा आखली तेव्हा आप्पा सगळ्यांना सांगत सुटले होते की, आमच्या दुकानात या दोन्ही रेघा आधीपासूनच आहेत, फक्त लाल तेवढी इंदूरच्या माणसाने वाकडी काढली. त्या पुरानंतर कागद कसा फुगतो ते तू पाहिलेस. वही भिजते म्हणजे नुसती ओली होत नाही. पाणी पिऊन ती जाड होते, शेजारच्या वहीला रेटते, ती तिच्या शेजारच्या वहीला, आणि मग सागवानी कपाटाचे उभे फळकूटही बाजूला सरते. तो चिखलाचा वास आणि डिंकाचा आंबूस वास एकत्र झालेला मला अजून जून लागला की येतो. मदतीचे जास्तीत जास्त पन्नास हजार, विम्याच्या सर्वेक्षकाशी झालेली ती बाचाबाची, 'लोटिस्मा'तून, म्हणजे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातून बाहेर काढून रस्त्यावर टाकलेल्या पुस्तकांचा ढीग पाहून तू जे बोललास ते, हे सगळे उगाळत बसत नाही. १८६४ पासूनचे ते वाचनालय दोनदा बुडूनही उभे राहिले, तर आपले दुकान कोण मोठे लागून गेले, असे आप्पा तेव्हा म्हणाले होते आणि आपल्या दोघांनाही ते पटले होते.

आप्पा घाबरत नाहीत, या गोष्टीवर आमचे घर उभे आहे, नंदू. माळ्यावरच्या त्या रात्री पाणी जिन्याच्या आठव्या पायरीवर असताना त्यांनी तुझ्याकडून एकोणतीसचा पाढा म्हणवून घेतला, तू सातव्या घराला चुकलास, तर त्यांनी तुला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावला. तू मनातल्या मनात शिव्या देत म्हटलास आणि सुमन रडायची थांबून हसायला लागली. पुढे डिसेंबरात नदीतला गाळ काढावा म्हणून साखळी उपोषण झाले तेव्हा ऐंशी ओलांडलेला हा माणूस मफलर गुंडाळून मांडवात जाऊन बसला होता आणि घरी येऊन, उपास घडल्यामुळे पोट हलके झाले, असे सांगत होता. गाळ निघू लागल्यापासून त्यांचे पालुपद एकच: वाशिष्ठीचे पोट आता खोल झाले आहे, काळजीचे कारण नाही. २०२१ सारखे पाणी पुन्हा आलेले नाही हेही खरे. मात्र नदीचे पोट खोल झाले म्हणून वर पडणारा पाऊस कमी होत नाही, आणि खाडीची भरती कोणाच्या गाळाला विचारून येत नाही, असे मला वाटते. मी ते बोलत नसे, कारण घरात निर्धास्त असणारे एक तरी माणूस लागते.

सोमवारी, २६ तारखेला, अमावास्या लागली होती. दिवसभर पाऊस हटला नव्हता. रात्री वीज गेली, इन्व्हर्टरही दमला, आणि बाराच्या सुमारास मला जाग आली तर आप्पांचा पलंग रिकामा. जिना उतरून खाली गेलो. दुकानाचे मागचे दार उघडे होते आणि उंबऱ्याच्या आत खुर्ची टाकून, गुडघ्यावर पांघरूण घेऊन, आप्पा हातातल्या बॅटरीचा झोत मागच्या गटाराच्या पाण्यावर धरून बसले होते. गटार नेहमीसारखे वाहत होते. पायरीला पाणी लागलेले नव्हते, लागण्याची चिन्हेही नव्हती. मी विचारले, काय करताय? तर म्हणाले, "अमावास्येला भरती बाराला. पुढे दर तिथीला पाऊण तास धर. दाभोळवरून गोवळकोटला चढायला अजून वेळ आहे. ती फिरली की झोपतो."

हिशोब चोख होता. असा हिशोब ते आयुष्यभर करत आले आहेत, पण करून झाल्यावर झोपत आले आहेत. या वेळी ते जागे होते, आणि सुमनने सांगितले की त्या आठवड्यात ही त्यांची पहिली रात्र नव्हती. मी शेजारी पोत्यावर बसलो. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्यांनी झोत न हलवता विचारले, "नंदूची कापसाळची जागा अजून रिकामी आहे का रे?"

आता तू हसशील. २०२१ च्या ऑगस्टात तू दुकानासाठी हीच उंचावरची जागा पुढे केलीस तेव्हा काय झाले हे आठवून तुला हसायचा हक्क आहे. आप्पा तुला म्हणाले होते की, वही घ्यायला कोणी चढ चढत नाही आणि मेहेरबानी घ्यायला मी. तू ते मुकाट्याने ऐकून घेतलेस आणि बाहेर येऊन मला मात्र म्हणालास की, मी आप्पांच्या मागे लपतो. त्यावरून आपण दिवाळीपर्यंत बोललो नाही. ते तू चिखल उपसून उपसून आमचे हात सोललेले असताना, भर बाजारात, भांड्यांच्या दुकानदारासमोर बोललास. हे चुकीच्या वेळी बोललास हे माझे मत आजही कायम आहे. तू मागे लग्नात भेटलास तेव्हा तो विषय काढणार होतो, पण तू जिलेबीवर तुटून पडला होतास.

मी आप्पांना काय उत्तर दिले असेल? "बघतो," म्हणालो. चार वर्षे मी मनातल्या मनात दुकान कापसाळला हलवत आलो आहे. कपाटे कुठे लावायची, गल्ला कोणत्या बाजूला ठेवायचा, महाविद्यालयाची पोरे थांबतील असा चहावाला शेजारी आणता येईल का, इथपर्यंत माझी तयारी झाली होती. आणि ज्या क्षणी आप्पांनी स्वतः होऊन ते विचारले त्या क्षणी मला वाटले की, नको. जागा नको, चढ नको, काहीच नको. या माणसाने बॅटरी विझवावी, मला 'बावळट' म्हणावे आणि वर जाऊन घोरत पडावे. मला पाऊस लवकर आल्याची भीती वाटत नाही. आप्पांनी माझे ऐकले तर काय, याची वाटते. हे मी सुमनला सांगितले तर ती म्हणाली, तुम्हाला दोन्ही बाजूंनी काळजीच हवी आहे. तेजसला अजून सांगितलेले नाही. त्याला कळले तर संध्याकाळपर्यंत टेंपो दारात उभा राहील.

मंगळवारी आणि बुधवारीही पाऊस होताच. गुरुवारी तो ओसरला, आणि आता तर मोसमी पाऊस पुढे सरकायचा थांबला आहे असे म्हणतात. आज सकाळपासून पुन्हा ऊन आहे, उकाडा आहे, समोरच्या गच्चीवर कोणीतरी निर्लज्जपणे गाद्या वाळत घातल्या आहेत. शुक्रवारी मी आप्पांना डॉक्टरांकडे नेले. रक्तदाब ठीक, छाती ठीक, वयाच्या मानाने उत्तम. झोपेचे सांगितले तर डॉक्टर म्हणाले, या वयात झोप कमीच होते. आप्पा तिथे इतके खुशीत होते की डॉक्टरांच्या लेटरहेडचा कागद किती जी.एस.एम.चा आहे हे त्यांनी बोटांनी चाचपून सांगितले आणि आमच्याकडून घ्या म्हणून भावही दिला. बाहेर येऊन रिक्षात बसल्यावर मला म्हणाले, "विचारलंस का नंदूला?" म्हणजे ते रात्रीचे बोलणे अंधारातले नव्हते. दिवसाउजेडी, पूर्ण शुद्धीत, औषधाच्या पावतीची घडी घालता घालता विचारलेले होते.

गठ्ठे अजून माळ्यावरच आहेत. ऊन पडूनही त्यांनी खाली आणायला सांगितलेले नाही. गिऱ्हाईक आले की तेजस शिडी चढतो, मागितलेले तेवढे खाली आणतो, आणि चौरेघीऐवजी दुरेघी आली की पुन्हा चढतो. काल एका बाईंनी विचारले की, दुकान बंद करताय का. आप्पा म्हणाले, "नाही हो, उंचावर नेतोय." बाई हसल्या, त्यांना माळ्याविषयी बोलताहेत असे वाटले. मला काय वाटले ते तुला सांगायला हवे असे नाही.

यात तुझे मत हवे आहे, पण सगळे नको. आप्पा शहाणपणाने बोलत आहेत की घाबरून, एवढेच मला सांग. तू त्यांना माळ्यावर पाहिले आहेस, असे त्यांना पाहिलेला घराबाहेरचा दुसरा माणूस नाही. शहाणपणाने बोलत असतील तर ऐकले पाहिजे. घाबरून बोलत असतील तरीही ऐकले पाहिजे, असे आता लिहिताना वाटते आहे, पण मग तिथे गेल्यावर त्यांचे करायचे काय? इथे ते सकाळी सातला फुले घेतात, कालभैरवाला जातात, वाटेत चार जणांना शुद्धलेखनाच्या चुका सांगतात, पाटीवाल्या रंगाऱ्यापासून नगरपालिकेच्या फलकापर्यंत कोणाला सोडत नाहीत, आणि साडेआठला गल्ल्यावर असतात. कापसाळला वाटेत कोण भेटणार? महामार्गावरून जाणारे ट्रक? ट्रकांच्या मागे शुद्धलेखनाच्या चुका भरपूर असतात हे खरे, पण ट्रक थांबत नाहीत.

तुझ्याकडचे सगळे ठीक असेल. डोळ्याचे ऑपरेशन झाले का, की अजून पुढच्या महिन्याची तारीख सांगतो आहेस? वहिनींच्या निवृत्तीचे फोटो पाहिले, शाल छान होती, तू मात्र त्यात पाहुण्यासारखा उभा आहेस. मयूरीला जर्मनीत नोकरी लागल्याचे कळले. तिला आमचे आशीर्वाद कळव आणि थंडीचे कपडे इथून नेऊ नकोस म्हणावे, तिथले तिथेच घे.

उत्तर पत्राने पाठवू नकोस. पोस्टमन टपाल आप्पांच्याच हातात देतो, ते फोडून वाचतात आणि चुका दुरुस्त करून माझ्याकडे देतात. दुपारी दोन ते तीन ते आडवे होतात, तेव्हा सुमनच्या फोनवर कर. जागा रिकामी आहे की तो फर्निचरवाला अजून ठाण मांडून आहे, हे आधी सांग. रिकामी असेल तर भाड्याचा आकडा ठरवून सांग. फुकट म्हणालास तर आप्पा ऐकणार नाहीत आणि बाजारभावाने म्हणालास तर मी ऐकणार नाही. त्यामुळे मधला काहीतरी काढ आणि तो तूच काढलास असे आप्पांना वाटू दे. जूनचा धंदा झाल्याशिवाय काहीच हलणार नाही, तेव्हा फर्निचरवाल्याला लगेच बाहेर काढायची घाई करू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीधर

ता. क. : त्या गाळ्याला माळा आहे का, तेही पाहून कळव. आप्पांनी खास विचारायला सांगितले आहे.